लुप्त प्रश्नमंजूषा आणि स्मृतिपाठ : एक चिकित्सा

१

वाङ्मयसमीक्षेचा पहिला संकेत असा की, समीक्षकापुढे कृती हजर असली पाहिजे. कृती हाती नसताना तिच्याविषयी जे बोलले जाईल ते एक तर इतिहास ठरेल किंवा आख्यायिका ठरेल; त्यास समीक्षा म्हणता येणार नाही. ग्रंथांच्या बाबतीत हा संकेत सहसा अडचणीचा होत नाही. दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या कार्यक्रमांकडे वळले म्हणजे मात्र तो पाळावयाचा कसा, असा प्रश्न उभा राहतो. मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या केंद्रावरून पहिल्या दशकात जे प्रसारित झाले, त्याचा फार मोठा अंश आज पाहावयास मिळत नाही. असे असूनही त्याविषयीचे लेखन विपुल आहे. दिवाळी अंकांतून, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून आणि आत्मचरित्रांतून त्या काळच्या कार्यक्रमांची भरघोस स्तुती आढळते. जी कृती कोणासच तपासता येत नाही, तिच्या श्रेष्ठतेविषयी असे एकमत व्हावे, ही गोष्ट अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे.

प्रस्तुत लेखात या विस्तृत क्षेत्राचा एकच कोपरा घेतला आहे, तो म्हणजे प्रश्नमंजूषा आणि शब्दखेळ या जातीचे कार्यक्रम. मुंबई केंद्रावरील या जातीचा सर्वांत ठळक नमुना म्हणून ‘व्हॉट्स द गुड वर्ड’ या इंग्रजी कार्यक्रमाकडे बोट दाखवावे लागते. रंगभूमीवरील अभिनेत्री आणि उच्चारशास्त्राच्या शिक्षिका म्हणून ख्याती पावलेल्या सबीरा मर्चंट या त्याच्या सूत्रसंचालिका होत्या. केंद्राच्या आरंभकाळात सुरू झालेला हा कार्यक्रम १९८० नंतरच्या दशकातही चालू होता. इतक्या दीर्घायुषी कार्यक्रमाच्या पहिल्या वर्षांतील भाग आज क्रमाने पाहता येत नाहीत. आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील वडीलधाऱ्या मंडळींकडे त्याविषयी विचारणा केली, तर कार्यक्रमाचे नाव, सूत्रसंचालिकेचा आवाज आणि ‘काय सुरेख इंग्रजी होते’ हा अभिप्राय, एवढेच बहुधा हाती लागते.

या परिस्थितीत समीक्षेला काही करता येण्याजोगे आहे काय, आणि असल्यास कोणत्या पद्धतीने, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

प्रथम ‘लुप्त’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. सामान्य व्यवहारात तो एकाच अर्थाने वापरला जात असला तरी त्यात तीन वेगळ्या अवस्था मिसळलेल्या आहेत. पहिली अवस्था अमुद्रित कार्यक्रमाची. स्टुडिओतून थेट प्रक्षेपित झालेला आणि त्या वेळी कोणत्याही फितीवर न उतरलेला कार्यक्रम मुळात वस्तू म्हणून अस्तित्वातच आला नाही. कीर्तनाप्रमाणे तो घडला आणि संपला. दुसरी अवस्था पुसलेल्या कार्यक्रमाची. तो फितीवर उतरला, काही काळ कपाटात राहिला आणि नंतर त्याच फितीवर दुसरा कार्यक्रम मुद्रित झाला. तिसरी अवस्था अप्राप्य कार्यक्रमाची. फीत शिल्लक असते, परंतु ती वाजविण्याचे यंत्र उरलेले नसते, किंवा तिची नोंद हरवलेली असते, किंवा ती पाहण्याचा अधिकार अभ्यासकाला नसतो.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. अमुद्रित कार्यक्रमाचा शोध घेण्यात अर्थ नसतो, तेथे साक्षीदारांचाच शोध घ्यावा लागतो. पुसलेल्या कार्यक्रमाची दुसरी प्रत अन्यत्र असण्याची शक्यता शिल्लक राहते. अप्राप्य कार्यक्रमाच्या बाबतीत प्रश्न शोधाचा नसून प्रशासनाचा असतो. आपल्याकडील स्मरणलेखनात या तिन्ही अवस्थांना ‘काळाच्या उदरात गडप झाले’ अशा एकाच वाक्प्रयोगाने निरोप दिला जातो. काळावर दोष टाकला म्हणजे फीत कोणी पुसली आणि का पुसली, हे विचारण्याचे कारण उरत नाही.

पुसण्याचे कारण कोठेही फारसे गूढ नव्हते. त्या काळची ध्वनिचित्रफीत रुंद, अवजड आणि महाग असे. आपल्याला ती परदेशातून आणावी लागे. कार्यालयीन दृष्टीने फीत ही जडसंग्रहाच्या नोंदवहीतील एक वस्तू होती. तिच्यावर काय मुद्रित आहे यापेक्षा ती पुन्हा वापरता येते की नाही, हे महत्त्वाचे होते. हा दोष केवळ आपल्या देशातील व्यवस्थेचा मानणेही योग्य नाही. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने १९६७ ते १९७८ या काळात ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे अनेक भाग असेच निकालात काढले. अमेरिकेतील ‘जेपर्डी’ ही प्रश्नमंजूषा १९६४ पासून १९७५ पर्यंत एनबीसी वाहिनीवर चालली. अडीच हजारांहून अधिक भागांपैकी आज अगदी थोडे शिल्लक आहेत. ब्रिटनमधील ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ही १९६२ मध्ये सुरू झालेली आंतरविद्यापीठीय स्पर्धा. तिच्याही पहिल्या वर्षांतील पुष्कळ भाग उरलेले नाहीत.

पुसण्याच्या या व्यवहारात प्रश्नमंजूषेवर प्रथम पाळी यावी, यास तिची जातही काही अंशी कारण आहे. नाटक पुन्हा पाहावेसे वाटते, गाणे पुन्हा ऐकावेसे वाटते. प्रश्नाचे उत्तर एकदा कळले की तो प्रश्न निकालात निघतो. ज्या कार्यक्रमाचे सर्व कुतूहल ‘उत्तर काय’ या एका बिंदूवर गोळा झालेले असते, तो कार्यक्रम उत्तराबरोबर संपला, असे व्यवस्थापकाला वाटले तर त्यात नवल नाही. समीक्षकानेही तसेच मानले, हे मात्र नवल आहे.

३

या ठिकाणी प्रश्नमंजूषेची इतर कार्यक्रमांशी तुलना उपयुक्त ठरेल. मुंबई केंद्रावर गाजलेली चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची मालिका चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली होती. त्या मालिकेचे सर्व भाग उद्या नाहीसे झाले तरी जोशी यांचे ग्रंथ राहतील, आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी त्या ग्रंथांतून काय उचलले, याविषयी सप्रमाण तर्क करता येईल. नाट्यप्रयोगाला संहिता असते. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांसारख्या मुलाखतीच्या कार्यक्रमात ज्याची मुलाखत झाली त्या लेखकाचे इतर लेखन उपलब्ध असते. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ने तर गावोगावी प्रेक्षकांची मंडळे उभी केली, त्या मंडळांच्या कार्यातून कार्यक्रमाचा काही माग लागू शकतो.

प्रश्नमंजूषेच्या मागे असा कोणताही आधार नसतो. तिची लिखित बाजू म्हणजे प्रश्नांची चिठ्ठी. ती हाती लागली, तरी कार्यक्रम हाती लागत नाही. एखाद्या सामन्याची धावसंख्या मिळाली म्हणजे सामना मिळाला असे होत नाही, तसेच हे आहे. जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्टहार्ड यांनी १९७५ मध्ये वर्गातील संभाषणाचे विश्लेषण करताना त्याची तीन पदे दाखविली : शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर आणि त्या उत्तरावरील शिक्षकाचा निर्णय. व्यवहारात आपण जे ठाऊक नसते ते विचारतो. शिक्षक जे ठाऊक असते तेच विचारतो, म्हणून तेथे तिसऱ्या पदाची आवश्यकता पडते. प्रश्नमंजूषा म्हणजे हाच त्रिपदी व्यवहार घड्याळासमोर आणि प्रेक्षकांसमोर मांडणे होय. पैकी पहिले पद आधी लिहून ठेवलेले असते. तिसरे पद ‘बरोबर’, ‘अगदी बरोबर’, ‘नाही’, ‘वेळ संपली’ अशा मोजक्या सूत्रांत बांधलेले असते. बांधलेले नसते ते केवळ मधले पद. कार्यक्रमाचा प्राण त्यात असतो, आणि नाहीसे झाले आहे तेही तेच.

हा मुद्दा एका उदाहरणाने स्पष्ट करू. पुढील संवाद कोणत्याही प्रत्यक्ष कार्यक्रमातील नसून विवेचनासाठी रचलेला आहे.

‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?’
‘अं... साल्हेर... नाही नाही, थांबा हं, कळसूबाई!’
‘कळसूबाई. अगदी बरोबर.’

भूगोलाच्या दृष्टीने या संवादात एकच माहिती आहे, आणि ती कोणत्याही शालेय पुस्तकात सापडते. भाषाभ्यासाच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र मधल्या ओळीत पुष्कळ काही घडले आहे. वक्त्याने वेळ मिळविण्यासाठी एक निरर्थक वाटणारा ध्वनी वापरला. एक उत्तर पुढे केले आणि लगेच मागे घेतले. मागे घेताना ‘नाही’ची द्विरुक्ती केली. ‘थांबा हं’ या शब्दांत त्याने आदरार्थी क्रियारूप आणि घरगुती सलगीचा निपात एकत्र आणला. अधिकारपदावरील अपरिचित व्यक्तीला थांबवावयाचे, परंतु दुखवावयाचे नाही, यासाठी मराठीने केलेली ही सोय आहे. अशा गोष्टी व्याकरणाच्या पुस्तकात येत नाहीत, नाटकात येतात त्या नाटककाराच्या हातून गाळून येतात, आणि बातमीपत्रात येण्याचा प्रश्नच नसतो.

विल्यम लॅबव्ह यांनी १९७२ मध्ये एका पेचाचे विवेचन केले : लोक निरीक्षण होत नसताना कसे बोलतात हे आपल्याला जाणून घ्यावयाचे असते, आणि निरीक्षण केल्याशिवाय ते जाणता येत नाही. प्रश्नमंजूषेतील स्पर्धक या पेचातून सर्वथा सुटलेला असतो, असे म्हणण्याचा हेतू नाही. तो मंचावर असतो, नटूनथटून आलेला असतो, सभेची भाषा बोलण्याच्या तयारीने आलेला असतो. परंतु घड्याळ चालू झाले की त्याचे लक्ष भाषेवरून उडून उत्तरावर जाते. सभेची भाषा क्षणभर गळून पडते आणि घरची भाषा वर येते. औपचारिक आणि अनौपचारिक मराठीमधील ती सांध्याची जागा ऐकावयास मिळेल, असे प्रसंग सार्वजनिक प्रसारणात थोडेच असतात. लुप्त भागांबरोबर अशा जागांचा साठा गेला. भाषेच्या अभ्यासकाची हानी मोजावयाची असेल तर ती या मापाने मोजली पाहिजे.

४

आता स्मरणलेखनाकडे वळू. लुप्त कार्यक्रमाविषयी आपल्याकडे जे पुरावे आहेत, त्यांत प्रेक्षकांची स्मृती हा सर्वांत मोठा पुरावा आहे, हे मान्य केले पाहिजे. आक्षेप स्मृतीवर नाही. ती कशी वापरली जाते, यावर आहे. या लेखनात तीन दोष वारंवार दिसतात.

पहिला दोष कालसंकराचा. १९७२ पासून १९८२ पर्यंतची कृष्णधवल वर्षे, १९८२ मधील रंगीत प्रक्षेपणाचा आरंभ आणि त्यानंतरचे राष्ट्रीय कार्यक्रमांचे युग, ही तिन्ही ‘तेव्हाचे दूरदर्शन’ या एका नावाखाली एकत्र होतात. सिद्धार्थ बसू यांचा १९८५ मधील ‘क्विझ टाइम’ हा राष्ट्रीय जाळ्यावरील कार्यक्रम आणि मुंबई केंद्राचे स्थानिक शब्दखेळ यांची आठवणींत सरमिसळ होते. ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. ही स्पर्धा १९७२ पासून हमीद सयानी यांच्या आणि त्यांच्या निधनानंतर अमीन सयानी यांच्या आवाजात रेडिओवर होती. दूरचित्रवाणीवर ती १९९२ मध्ये आली. ती लहानपणी ‘पाहिली’ असे सांगणाऱ्या पन्नाशीपलीकडील प्रेक्षकाने ती वस्तुतः ऐकलेली असते. तो असत्य बोलत नसतो. पुढे पाहिलेली चित्रे त्याच्या स्मृतीने आधी ऐकलेल्या आवाजाला चिकटविलेली असतात.

दुसरा दोष गुणारोपाचा. एकच वाहिनी, सायंकाळचे मोजके तास, आणि त्या तासांत मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी यांची वाटणी, अशी त्या वेळची व्यवस्था होती. निवडीस वाव नसल्याने सर्वजण तेच पाहत. सर्वांनी पाहिले यावरून ते उत्तम होते, असे अनुमान आज काढले जाते. वस्तुतः त्यावरून एवढेच सिद्ध होते की दुसरे काही नव्हते. कार्यक्रम चांगला असेलही. परंतु त्याची साक्ष प्रेक्षकसंख्येने देता येणार नाही.

तिसरा दोष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. स्मृती ही चांगली संपादक असते. ती अडखळणे गाळते. वर दिलेला संवाद एखाद्या प्रेक्षकाने चाळीस वर्षांनी सांगितला तर तो बहुधा असा येईल : ‘त्यांनी विचारले, सर्वांत उंच शिखर कोणते, आणि मुलाने ताडकन सांगितले, कळसूबाई.’ साल्हेर गेले, ‘नाही नाही’ गेले, ‘थांबा हं’ गेले. त्यांच्या जागी ‘ताडकन’ आले. प्रश्न राहिला, उत्तर राहिले, आणि उत्तरापर्यंतची वाट पुसली गेली. ‘त्या वेळी मुले किती हुशार होती’ आणि ‘त्या वेळी भाषा किती शुद्ध होती’ हे दोन्ही अभिप्राय या गाळणीतून जन्म घेतात. फीत पुसणाऱ्या कारकुनाने जे केले त्याचेच काम प्रेमळ आठवण अधिक नीटनेटकेपणाने पुरे करते. लुप्त भागांचा गौरव करणारे लेखन त्या भागांतील खरे मूल्यवान द्रव्य पुन्हा एकदा नष्ट करते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

५

मग स्मृती टाकाऊ मानावयाची काय? मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तसे म्हणता येणार नाही. कारण मराठीचा पहिला मोठा गद्यग्रंथ स्मृतीवरच उभा आहे. म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या लीळा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात संकलित केल्या. महानुभाव परंपरा सांगते की, ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली त्याच्याकडे जाऊन म्हाइंभटाने ती मिळविली आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतली. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि हिराइसेसारख्या शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. त्यामुळे लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ निर्माण झाले. वि. भि. कोलते यांचे १९७८ मधील संपादन ज्यांनी चाळले असेल, त्यांना या पाठभेदांचा पसारा ठाऊक आहे.

या परंपरेतून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली अशी की, लीळाचरित्र हा मोठ्या प्रमाणावर प्रश्नोत्तरांचा ग्रंथ आहे. भक्त विचारतात, स्वामी उत्तर देतात, आणि कोण कोणत्या प्रसंगी कोणत्या शब्दांत बोलले, यास तेथे महत्त्व आहे. गुरुवचनातील शब्द बदलता कामा नये, ही श्रद्धा तेथे ध्वनिमुद्रणाचे काम करीत होती. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकावर असे कोणतेही बंधन नव्हते. म्हणून त्याची स्मृती त्या तोलाची मानता येणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, परंपरेने पाठभेद लपविले नाहीत. कोणता पाठ कोणाचा, हे तिने नोंदवून ठेवले. एका घटनेच्या चार आठवणींची गोळाबेरीज करून पाचवी सुबक आठवण तयार करण्याचा मोह तिने टाळला. आजचे स्मरणलेखन त्या मोहाला बळी पडते.

पाठचिकित्सेचा आणखी एक नियम येथे लागू होतो. दोन पाठांपैकी जो अधिक खडबडीत आणि अधिक अडचणीचा तो बहुधा मूळच्या जवळचा असतो. कारण लेखनिक सोपे करतो, अवघड करीत नाही. प्रेक्षकांच्या साक्षींनाही हाच निकष लावावा. ‘मुलाने ताडकन उत्तर दिले’ या साक्षीपेक्षा ‘एका बाईंना उत्तर येत होते, पण त्या चुकीचा शब्द बोलून गेल्या आणि कपाळाला हात लावला’ अशा जातीची साक्ष अधिक विश्वसनीय मानावी. फुशारकीसाठी कोणी असा तपशील रचीत नाही.

६

हे विवेचन ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या भागाशी जोडण्याचे विशेष कारण आहे. वरळीच्या केंद्रातून निघालेले प्रक्षेपण या पट्ट्यात पोहोचत होते, आणि मुंबईत नोकरीला जाणारा शिक्षित मराठी मध्यमवर्ग येथे मोठ्या संख्येने राहत होता. मजल्यावर एक दूरचित्रवाणी संच आणि त्यासमोर चार बिऱ्हाडे, हे त्या काळचे सर्वपरिचित दृश्य होय. त्या खोलीत इंग्रजी शब्दखेळ चालू असताना बोलणे मराठीत चालत असे. मराठी माध्यमाच्या शाळांतून त्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. अशा मुलांना पडद्यावरील इंग्रजी शब्दाचा अर्थ कोणीतरी मराठीत सांगावयाचा, कोणीतरी उच्चाराची नक्कल करावयाची, कोणीतरी स्पर्धकाच्या आधी उत्तर ओरडावयाचे. कार्यक्रमाचा दुसरा अर्धा भाग या खोलीत घडत होता, आणि तो कोणत्याही अर्थाने मुद्रित होणे शक्य नव्हते. त्याचे साक्षीदार मात्र आज हयात आहेत. १९७२ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला प्रेक्षक आता सत्तरीच्या घरात आहे.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात मराठीच्या बोलींची जी पाहणी हाती घेतली, तिच्यात ठाणे जिल्ह्यातील वारली बोलीचाही समावेश होता. बोलीचा अभ्यास म्हणजे दुर्गम भागातील भाषेचा अभ्यास, अशी आपली तेव्हापासूनची धारणा आहे. त्यामुळे रेल्वेच्या डब्यात, चाळीच्या गॅलरीत आणि दूरचित्रवाणीसमोर बोलली जाणारी नागर मराठी ‘प्रमाण’ या नावाखाली गृहीत धरली गेली आणि नोंदीवाचून राहिली. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या गावठाणांत आगरी बोलणारी कुटुंबेही तोच पडदा पाहत होती. त्यांच्या कानांवर ती प्रमाण मराठी आणि ते इंग्रजी कसे पडले, हा तर अधिकच महत्त्वाचा प्रश्न आहे. साक्षी गोळा करताना केवळ नोकरदार ब्राह्मण-कायस्थ घरांपुरते थांबले तर आपण त्याच जुन्या स्मरणरंजनाची नवी आवृत्ती काढू.

कामाची दिशा पुढीलप्रमाणे असावी. प्रथम सांगाडा तयार करावा. वृत्तपत्रांत दूरचित्रवाणीच्या दैनंदिन कार्यक्रमांचे तक्ते छापून येत. त्यांवरून कोणता कार्यक्रम कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी होता, हे निश्चित करता येते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे. नियतकालिकांच्या शोधाची सुरुवात अशा संस्थांपासून करणे स्वाभाविक होय. हा सांगाडा आधी हाती असला म्हणजे साक्षींतील कालसंकर ओळखता येतो.

त्यानंतर घरांकडे वळावे. ‘डॉक्टर हू’च्या लुप्त भागांची चित्रे गेली असली तरी त्या सर्व भागांचे ध्वनी शिल्लक आहेत, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या घरी ते मुद्रित करून ठेवले होते. शिवाय त्या मालिकेचे ९ भाग २०१३ मध्ये नायजेरियातून परत मिळाले. तेथील एका केंद्राकडे गेलेल्या प्रती राहून गेल्या होत्या. आपल्याकडेही कॅसेटवर आकाशवाणीची गाणी उतरवून घेणारी पिढी हीच होती. त्या कॅसेटच्या एखाद्या कोपऱ्यात दूरचित्रवाणीचा आवाज नसेलच, असे मानून चालू नये. कार्यक्रम पाहताना शब्द आणि प्रश्न टिपून घेतलेल्या वह्या, स्पर्धकांना आलेली निमंत्रणपत्रे, केंद्राकडून आलेली उत्तरे, ही सर्व साधने आहेत. ती कालपर्यंत माळ्यावर सुरक्षित होती. जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून माळे रिकामे होत आहेत आणि त्यांवरील कागद रद्दीवाल्याकडे जात आहेत. फीत पुसण्याची क्रिया अशा रीतीने अद्यापही चालूच आहे, आणि या वेळी ती आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे.

शेवटी साक्षी. त्या ध्वनिमुद्रित कराव्यात, लिहून घेऊ नयेत. कारण लिहून घेणारा पुन्हा अडखळणे गाळतो. साक्षीदाराला ‘कार्यक्रम कसा होता’ असे विचारू नये, ‘कोण चुकले’ असे विचारावे. एका घरातील दोघांच्या साक्षी वेगवेगळ्या घ्याव्यात आणि विसंगती तशाच ठेवाव्यात. आणि साक्षीदार ज्या मराठीत सांगतो ती मराठीही नोंदीचा विषय मानावी. १९७२ ची मराठी त्यातून परत मिळणार नाही. परंतु त्या पिढीची आजची मराठी तरी आपल्या हातून लुप्त होणार नाही.

७

एका आक्षेपाचा विचार करून विवेचन संपवू. इतके श्रम घेण्याइतके हे कार्यक्रम मोलाचे होते काय, असे विचारले जाईल. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, कृती म्हणून ते मोलाचे होते किंवा नव्हते, यांपैकी काहीही म्हणण्याचा अधिकार आज आपल्याला नाही. तो अधिकार पुराव्याबरोबर गेला. ज्यांचे पुरावे शिल्लक आहेत त्यांच्याविषयी मात्र समीक्षेने मौन पाळण्याचे कारण नाही. ‘कौन बनेगा करोडपती’ने २००० मध्ये आणि त्याच्या मराठी अवतारांनी २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्यासह व २०१९ मध्ये नागराज मंजुळे यांच्यासह प्रश्नमंजूषेला नवे रूप दिले. त्यांत प्रश्नकर्ता उत्तराआधी स्पर्धकाशी दीर्घ गप्पा करतो, विचारात पडण्याला वेळ देतो, आणि स्पर्धकाचे मोठ्याने विचार करणे हाच कार्यक्रमाचा मुख्य भाग बनतो. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या माणसांची बोलकी मराठी त्यांतून घराघरांत ऐकली गेली. वर ज्याला मधले पद म्हटले, त्याचा इतका मोठा साठा मराठीच्या अभ्यासकाला यापूर्वी मिळालेला नव्हता. या कार्यक्रमांवर आपल्या विभागांतून किती प्रबंधिका लिहिल्या गेल्या, हे प्रत्येकाने आपल्या ग्रंथालयात जाऊन पाहावे.

खासगी वाहिनीचे मुद्रण शिल्लक असणे आणि ते अभ्यासकाला मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क विकले जातात, वाहिन्यांची नावे बदलतात, जे आज सहज दिसते ते उद्या काढून घेतले जाते. लुप्तीच्या तीन अवस्थांपैकी तिसरी अवस्था अशा रीतीने येते, आणि ती पुसण्यासारखी डोळ्यांत भरत नाही. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दोन कामे एकाच वेळी हाती घ्यावीत, असे सुचवावेसे वाटते. आरंभीच्या कार्यक्रमांच्या साक्षी वरील पद्धतीने गोळा कराव्यात, आणि चालू कार्यक्रमांतील संभाषणांच्या अक्षरशः नोंदी, अडखळण्यासह, आताच तयार कराव्यात. पहिले काम येत्या दहा वर्षांत झाले नाही तर ते पुढे करता येणार नाही. दुसरे काम वरकरणी कंटाळवाणे आहे. परंतु पहिल्या कामाची वेळ आपल्यावर का आली, हे ज्याने समजून घेतले त्याला त्याची आवश्यकता वेगळी सांगावी लागणार नाही.